मधलंघर डॉट इन

दहाव्याला कावळा शिवेना, तिथून हे सगळं सुरू झालं.

माझा धाकटा भाऊ रितेश गेल्या आषाढात गेला. लावणीच्या दिवसांत बाबांबरोबर चिखलात उभा होता. ताप आला, अंग दुखतंय म्हणून घरीच झोपून राहिला, आणि तो लेप्टोचा ताप आहे हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता. सत्तावीस वर्षांचा होता. यात कुणाला दोष द्यावा असं काही नाही, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. बोल लावायला कुणीतरी असलं की माणसाला जरा बरं पडतं.

तर दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या उंबरावर बसलेले, पण खाली यायला एकही तयार नाही. मग नेहमीची विनवणी सुरू झाली. आमचे चुलतकाका कोंडाजी बाबांना म्हणाले, "रावजी, त्याचा कशात जीव अडकलाय बघ. बोल कायतरी." बाबांनी हात जोडले. म्हणाले, "तुझ्या आयशीला संभाळीन रे." कावळा हलला नाही. "तुझी गाडी कुनाला देनार नाय." नाही. "श्रुतिकाला अंतर देनार नाय." श्रुतिका म्हणजे मी. तरीही नाही. पाऊस भुरभुरत होता, भटजी घड्याळ बघत होते. शेवटी बाबा अगदी हळू म्हणाले, "तुझं मशीन बंद नाय पडू देनार, रे." आणि एक कावळा झपकन खाली आला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी वरच्या बांधावर बायकांत उभी होते. "भुकेला होता तो," मी म्हणाले, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाले. आईनं माझा हात दाबला. मी त्या वेळी भावाच्या दहाव्याला उभी नसते तर आणखीही बरंच बोलले असते.

मशीन म्हणजे पोलादपूरजवळच्या कापडे गावातल्या आमच्या घरात माळ्यावर ठेवलेला एक डबा. मिठाईच्या खोक्याएवढा असेल. रितेश पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायचा. एकदा त्याचं ईमेलचं खातं अचानक बंद झालं. कुणीतरी कुठेतरी ठरवलं की हा माणूस संशयास्पद आहे, आणि कॉलेजपासूनची सगळी पत्रं आत अडकली. विचारायला माणूस नाही, फोन नाही. राग आमच्या घरात सगळ्यांना सारखा वाटून दिलेला आहे, त्याच्या वाट्यालाही माझ्याइतकाच आला होता. तो म्हणाला, "ताई, आपली पत्रं दुसऱ्याच्या घरात का ठेवायची? मी आपल्याच घरात पोस्ट काढतो."

मी महाडला एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. हे धंदे मला माहीत आहेत. मी त्याला स्वच्छ सांगितलं की घरातून मेल सर्व्हर चालवणं म्हणजे विकतचं दुखणं आहे. घरच्या लाईनचा पत्ता सारखा बदलतो, मोठ्या कंपन्या असल्या घरगुती सर्व्हरची पत्रं सरळ कचऱ्यात टाकतात, आणि आपल्याकडे लाईट जाते ती वेगळीच. तो ऐकतोय कशाला. त्यानं ब्रॉडबँडवाल्याच्या मागे लागून न बदलणारा पत्ता मिळवला, बॅटरी बसवली, आणि एक नाव विकत घेतलं: मधलंघर डॉट इन. कोंडाजीकाका आणि हैबती यांच्या घरांच्या मधे आमचं घर, म्हणून वाडीत आम्हाला मधलं घर म्हणतात. आम्हा चौघांनाही त्यानं त्या नावाचे पत्ते दिले. आईला स्वतःचा पत्ता अजून धड सांगता येत नाही, पण आपल्याला पत्ता आहे हे ती पोलादपूरच्या बाजारात भाजीवालीलासुद्धा सांगून आली होती.

नाव म्हणजे दारावरची पाटी. डब्याचा खरा पत्ता आकड्यांचा, तो कुणाच्या लक्षात राहत नाही. जगात कुठेही ते नाव विचारलं की तो आकडा सांगितला जातो. फक्त नावाची नोंद दरवर्षी वाढवावी लागते.

डबा नीट चाललाय की नाही हे कळावं म्हणून रितेशनं एक सोय करून ठेवली होती. रोज सकाळी मशीन आपणहून बाबांना एक मेल लिहायचं. "बाबा, मशीन चालू आहे. लाईट आहे. नेट आहे. – रितेश." ज्या दिवशी मेल आला नाही त्या दिवशी बाबांनी माळ्यावर जाऊन बटण बघायचं, एवढंच काम. रितेश गेला, पण मशीनला ते कुणी सांगितलं नव्हतं. ते लिहीतच राहिलं.

मी ते बंद करणार होते. मेलेल्या पोराचं नाव रोज सकाळी फोनवर वाजतंय, हे मला सहनच होईना. पण बाबांनी ठणकावलं. "वर्ष होईस्तोवर त्याच्या वस्तूला कुनी हात लावायचा नाय." आमच्याकडे तशी रीतच आहे. त्याचे कपडे खुंटीला तसेच, चपला पडवीत, फोन कपाटात. मी म्हणाले, "बाबा, निदान त्याची मेलची पेटी तरी उघडून बघते. काही कामाचं आलं असेल. पासवर्ड मला माहीत आहे."

"पेटी त्याचीच ना?"

"त्याचीच."

"मग नाय उघडायची."

आता मी कुणाचं ऐकणारी बाई नाही, हे महाडात कुणालाही विचारा. पण बाबांचा तो चेहरा बघून पेटी तशीच राहू दिली.

बाबा सातवी शिकलेले. चष्मा लावून, ओठ हलवत तो दोन ओळींचा मेल रोज वाचायचे. मग बराच वेळ बोटानं काहीतरी दाबत बसायचे. फोन बंद करता येत नसेल, असं मला वाटायचं. नंतर फाट्यावर चहाला गेले की सांगायचे, "आमच्या रितेशचा मेल आला." माणसं चहाच्या ग्लासात बघायची. एकदा हैबतीनं धीर करून विचारलं, "काय लिवतो?" बाबा म्हणाले, "लाईट हाय बोलतो." हे मला हैबतीनंच सांगितलं, आणि सांगताना तो रडला.

यंदा ज्येष्ठात एका सकाळी बाबांचा मला ऑफिसात फोन आला. "श्रुतिका गो, आज आला नाय."

"लाईट आहे का?"

"हाय. नेट पन हाय. बटान बघितला. तरी आला नाय." आवाज असा, जणू घरातलं माणूस रात्री परतलं नाही.

रविवारी स्कूटर काढून वर घरी गेले. आधी लाईट बघितली, मग बॅटरी. राऊटरचे दिवे हिरवे होते. वायर उंदरानं कुरतडली असेल म्हणून बोटानं चाचपत माळ्याच्या शिडीवर चढले, तर खाली बाबा शिडी धरून उभे. "हात नको लावू हां त्याला."

"हात न लावता दुरुस्त कशी करू?"

"तू कांपुटरमदनं कर ना. तो तसाच करायचा."

माळ्यावरच गोणपाटावर बसून लॅपटॉप उघडला. डबा ठणठणीत होता. त्या दिवशीही सकाळी त्यानं बाबांना पत्र लिहिलं होतं, बाबांच्या पेटीत नेऊन ठेवलं होतं. फोनला तो डबा सापडत नव्हता, इतकंच. फोन नाव विचारत होता आणि बाहेरून उत्तर येत होतं की असं कुणी नाही. म्हणून मी नावाची नोंद काढून बघितली. तिथे एक ओळ होती: मुदत संपली.

नाव विकणारी कंपनी काही गुपचूप नाव काढून घेत नाही. आधी दोन महिने सूचना पाठवते, परत पाठवते, शेवटची म्हणून पाठवते. आणि त्या पाठवते कुठे, तर मालकाच्या ईमेलवर. मालक रितेश, आणि त्याचं ईमेल त्याच नावाचं, त्याच डब्यातलं. माझ्या समोर, हातभर अंतरावर. त्या सगळ्या सूचना व्यवस्थित पोचल्या होत्या आणि न उघडलेल्या पेटीत पडून होत्या. पैशांचा प्रश्नच नव्हता, कुणीतरी उघडून वाचायचं तेवढं राहिलं होतं. मशीन बंद पडू देणार नाही असा शब्द दिला बाबांनी, आणि ते बंद पडलं त्यांनीच घातलेल्या नियमानं.

रितेशनं तरी असं का करून ठेवावं? किल्ली घरात ठेवून कुलूप लावण्यातला प्रकार. पण कुलूप लावताना आपणच परत येणार असं प्रत्येकाला वाटतं. सत्ताविसाव्या वर्षी तर वाटणारच.

"उंदीर?" बाबांनी खालून विचारलं.

"हो, उंदीरच," मी म्हणाले. "वायर महाडहून आणावी लागेल."

नंतरचे दिवस त्या कंपनीशी फोनवर भांडण्यात गेले. मालकानं स्वतः अर्ज करावा, असं तिथली मुलगी म्हणाली. मालक वारले, मी सांगितलं. मग नोंदवलेल्या ईमेलवर कोड पाठवते, तो सांगा, म्हणाली. मी म्हणाले, "ते ईमेल ज्या नावावर आहे ते नावच तुम्ही बंद केलंय." मग मोबाईलवर पाठवते, म्हणाली. मोबाईल कपाटात. वर्षभर रिचार्ज नाही म्हणून त्याचा नंबरही गेलेला. "मॅम, प्रोसिजर आहे," ती मुलगी म्हणाली, आणि मी तिला असं काही बोलले की शेजारच्या टेबलावरची सरिता उठून बाहेर गेली. मृत्यूचा दाखला पाठवला, बाबांचं आधार कार्ड पाठवलं, पोलादपूरहून वारसाचे कागद काढून पाठवले. पाहतो म्हणाले. आणि ते पाहत असतानाच नाव मोकळं झालं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते आपल्या नावावर चढवलं. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी पोलादपूरच्या स्टँडवर पत्रावळ्या घेत होते तेव्हा त्यांचं उत्तर आलं. दिलगीर आहोत, म्हणाले.

आमच्या घराचं नाव, आणि ज्यानं घेतलं त्याला मधलं घर म्हणजे काय हेही माहीत नसणार. मी पत्रावळ्या तिथेच टाकून बाकावर बसले. खूप रडले. लोक बघत होते, बघू दे म्हटलं.

पण बाबांना मेल हवा होता, आणि तेवढं माझ्या हातात होतं. दुपारी घरी पोचल्यावर मी राऊटरमध्ये एक ओळ लिहून ठेवली. तिचा अर्थ असा, की या घरात कुणी मधलंघर विचारलं तर बाहेर जगाला विचारायला जायचं नाही, सरळ माळ्यावरचा डबा दाखवायचा. घरातल्या घरात चालणारी पाटी. बाहेर तिला कुणी ओळखणार नाही.

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांचा फोन वाजला. मग परत वाजला, मग वाजतच राहिला. इतक्या सकाळींची अडकलेली सगळी पत्रं एकदम आली. "आला गो, आला!" बाबा ओरडले. आई चुलीपुढून तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. मशीन चालू आहे, लाईट आहे, नेट आहे, रितेश. बाबांनी एकही सोडला नाही, सगळे वाचले, ओठ हलवत.

"म्हंजे उद्या सांगतो त्याला," ते म्हणाले. "मशीन चालू हाय म्हनून."

"सांगा."

"खरं हाय ना गो? कावळ्यासमोर खोटा नाय बोलनार मी."

"चालू आहे, बाबा. घरात चालू आहे."

"घरात म्हंजे? फाट्यावर नाय येनार?"

"नाही."

"का?"

"आता ते नाव फक्त आपल्या घरापुरतं आहे. बाहेर दुसऱ्याचं झालं."

"दुसऱ्याचा कसा? रितेशनं घेतला होता ना?"

"मुदत संपली."

"आनि त्या लोकांनी कळवला नाय?"

"कळवलं असेल."

"कुठं?"

काहीही थाप चालली असती. टपाल हरवलं, नेट बंद होतं, परत तो उंदीर, काहीही. मी नुसती माळ्याकडे बघत बसले, आणि बाबांनी माझी नजर कुठे आहे ते बघितलं.

"त्याच्या पेटीत," ते म्हणाले.

आई म्हणाली, "चला, जेवून घ्या." कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. पडवीच्या पत्र्यावर पान ठेवलं, वडे, खीर, त्याला आवडायची ती कारल्याची भाजी. कावळा फणसावर येऊन बसला. बाबा अंगणात हात जोडून उभे राहिले. "मशीन चालू हाय रे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "घरापुरता." कावळ्यानं मान वाकडी केली आणि तिथेच बसून राहिला. कोंडाजीकाका म्हणाले, खीर जरा पुढे सरकवा. मग म्हणाले, त्याला वडापाव आवडायचा, कुणाला तरी फाट्यावर पाठवा. माझा या कशावर विश्वास नाही. तरी मी मनातल्या मनात त्या कावळ्याच्या हातापाया पडत होते, ये रे बाबा, ये, आता बोलायला लावू नकोस यांना.

बाबांनी हात खाली घेतले. "तुझा नाव माज्यामुळं गेला," ते म्हणाले. "तुझ्या पेटीला हात नाय लावू दिला मी. मला वाटला, तुझी हाय."

कावळा खाली आला. पत्र्यावर टकटक नखं वाजवत सरळ पानावर गेला आणि खिरीत चोच घातली.

त्या कावळ्याचा मला असा राग आला की सांगता येत नाही. मी चपलेसकट अंगणात धावले. "भुकेला होता तो!" मी ओरडले. "बाबा, ऐका, भुकेला होता म्हणून आला. सकाळपासून पाऊस आहे, कुठे काही मिळालं नसेल त्याला. तुमच्यामुळे काही झालेलं नाही." कोंडाजीकाकांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. श्राद्धाच्या दिवशी असं बोलतात काय, म्हणाले.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "व्हय गो," ते म्हणाले. "भुकेलाच असंल." अगदी लहानपणी माझी समजूत काढायचे तसं. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले होते. त्यांना स्वतःला ते पटलेलं नाही, आणि आता कधी पटणारही नाही. मी कितीही घसा फोडला तरी त्या कावळ्यापुढे माझं काही चालणार नाही.

पंगत उठल्यावर बाबा शिडी चढून माळ्यावर गेले. मी मागे गेले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डब्यावरची वर्षभराची धूळ पुसली, वरून, बाजूंनी, वायरी जपत. मग तिथेच बसले. "वरीस झाला," ते म्हणाले. "आता हरकत नाय. उघड त्याची पेटी."

"नको, बाबा."

"उघड. त्या लोकांनी काय लिवलंय ते वाचून दाखव."

मी उघडली. कंपनीच्या सूचना होत्या, मला वाटल्या होत्या तशाच. वाचायला लागले. "प्रिय रितेश, आपल्या नावाची मुदत लवकरच संपत आहे." बाबा म्हणाले, "हां." मी पुढची वाचली. "प्रिय रितेश, आम्ही आपल्याला आठवण करून देत आहोत." "हां." "प्रिय रितेश, ही आमची शेवटची सूचना आहे." "हां," बाबा म्हणाले, आणि टॉवेलनं तोंड पुसलं.

त्या सूचना शोधायला मला वर्षभराची यादी खाली-वर करावी लागत होती, कारण त्यांच्या मधे दुसरीच पत्रं भरली होती. शंभरांनी असतील. पाठवणाऱ्याच्या जागी एकच नाव होतं, रावजी. रोजचं एक. मशीनच्या मेलला बाबा रोज सकाळी उत्तर लिहीत होते, एका बोटानं, आणि ती उत्तरं इथे येऊन साठत होती. सगळ्यात वरचं त्याच सकाळचं होतं, श्राद्धाच्या आधीचं. माझं बोट त्यावर गेलं.

बाबांनी लॅपटॉपच्या पडद्यावर आपला तळवा ठेवला.

"ते नको वाचू," ते म्हणाले. "ते त्याला लिवलेले हायत."